दहा गुंजा

बाबर सरांनी माझ्या विमानाचा सांगाडा दोन बोटांवर तोलून धरला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "दीड औंस. काडीभर इकडंतिकडं."

१९६३ सालची, दिवाळी नुकतीच संपल्याची गोष्ट. तासगावातल्या आमच्या शाळेची सुतारकामाची खोली. मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षाला. बांबूच्या कामट्या तासून आणि बाशिंगं करतात ते भेंड कातून मी ते दीड हात पंखांचं विमान उभं केलं होतं. पोटात रबर, नाकावर लाकडी पंखा. रबराला पीळ घालायचा आणि सोडून द्यायचं. सांगलीला जिल्ह्यातल्या शाळांची स्पर्धा होती. ज्याचं विमान जास्त वेळ हवेत राहील तो पहिला. त्या वयात मला त्याहून मोठं काही दिसत नव्हतं.

बाबर सर एअरफोर्समधून निवृत्त होऊन आमच्या शाळेत आले होते. गावाला वाटे, यांनी विमानं चालवली असणार. ते स्वतःच सांगून टाकत, "मी विमानाचा शिंपी हुतो." जुन्या विमानांच्या पंखांवर कापड असायचं. ते शिवायचं, ताणायचं आणि त्यावर रोगण चढवायचं, हे त्यांनी पंधरा वर्षं केलं होतं.

"आता कागद," ते म्हणाले. "आणि कागदावर रोगण. सगळी वाट लागती ती हितंच. पोरं सांगाडा करत्यात हलका आणि वर घालत्यात गोधडी."

"कुठला कागद लावू?"

"ते तू ठरव. पर लावायच्या आधी वजन, लावल्यावर वजन, रोगण दिल्यावर वजन. सगळं लिहून आणायचं. घरी काटा हाय न्हवं?"

"आहे. पण बंद आहे."

"मग उघडा म्हणावं. वजनं लिहून आणल्याबिगर तुझं नाव मी सांगलीला धाडणार न्हाई."

मी सांगाडा पोटाशी धरून घरी निघालो. सर आत्ता दोन बोटांवर वजन सांगून मोकळे झाले, मग काटा कशाला हवा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात एकच होतं, अण्णांना विचारायचं कसं.

अण्णा म्हणजे माझे वडील, दामोदर महामुनी. तीन पिढ्यांचे सोनार. आमच्या घराची पुढची खोली हेच दुकान. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला सरकारचा हुकूम आला की चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. अण्णांनी एकदाच चौदा कॅरेटचा तुकडा हातात घेऊन पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, "हे पितळ माझ्या हातानं व्हायचं नाही." त्यांचं तसं झालं आणि गिऱ्हाइकांचंही. चौदा कॅरेटचं मंगळसूत्र कुणाला हवं होतं?

पहिले दोन-तीन महिने ते चिडत, सरकारला शिव्या देत. ते बरं होतं. नंतर ते गप्प झाले. सकाळी अंघोळ करून दुकानात बसायचे, गार शेगडीसमोर, आणि दिवेलागणीला उठायचे. दसऱ्याला काट्याच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं, पण पेटी उघडली नाही. माझ्या मामांनी साखर कारखान्यात शब्द टाकला होता. गळीत सुरू झालं की उसाच्या गाड्या तोलायला काट्यावर माणूस हवा होता. अण्णा त्यावर इतकंच म्हणाले, "गुंजा तोलणाऱ्यानं आता उसाच्या मोळ्या तोलायच्या?"

त्या दिवसांत सोनारांच्या भलत्याच बातम्या कानावर येत. अमक्या गावच्या अमक्यानं तेजाब प्यायलं. आमच्याकडे घरात पेपर आला की आई तो आधी वाचायची आणि कधीकधी चुलीत घालायची.

दळणासाठी जोंधळे काढताना एकदा माझा हात कणगीत कशाला तरी लागला. जुन्या धडप्यात गुंडाळलेली बाटली. सोनं उजळायच्या तेजाबाची दुकानातली बाटली मी लगेच ओळखली. मी वर काढणार तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. "आणि बोलू नकोस कुणाशी."

मी सोळा वर्षांचा होतो, मूर्ख होतो, पण तेवढं मला कळलं. त्या दिवसापासून अण्णा मागच्या विहिरीकडे गेले की आई काहीतरी निमित्त काढून मागोमाग जाते, हेही माझ्या लक्षात यायला लागलं.

तर अशा माणसाला मी विचारलं, "अण्णा, काट्यावर जरा विमान तोलायचं होतं."

त्यांनी सांगाड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्या काट्यावर सोन्याशिवाय काही चढत नाही."

झालं. मी दुसऱ्या दिवशी बाळू वाण्याच्या दुकानात गेलो. त्यानं एका पारड्यात माझं विमान ठेवलं, दुसऱ्यात छटाकाचं माप टाकलं आणि विमान वर राहिलं. "छटाकाला कमी," त्यानं निकाल दिला. घरी येऊन मी आईला ते सांगत होतो. दुकान आणि माजघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता.

"काय म्हणालास?" पडद्यापलीकडून आवाज आला. कित्येक आठवड्यांत अण्णांनी आपणहून काही विचारलं नव्हतं.

"छटाकाला कमी आहे. बाळू वाण्यानं सांगितलं."

"कमी म्हणजे किती?"

"ते नाही सांगितलं त्यानं. कमी म्हणाला."

पडदा बाजूला झाला. अण्णांच्या कपाळावर आठी होती. "वजन म्हणे. कमी म्हणजे काय वजन असतं? माझ्या घरातली वस्तू गूळ-शेंगदाण्याच्या तागडीत घालून आणलीस? आण इकडं."

त्यांनी हात धुतले. कपाटातून पेटी काढली, लाल फडक्याची घडी उलगडली. हा काटा त्यांच्या आजोबांचा. पारडी माझ्या तळहाताएवढी, त्यामुळे विमान त्यात बसेना. अण्णांनी एका पारड्याखाली रेशमी दोरा बांधला, दुसऱ्या पारड्यात वाळूचे चार कण टाकून काटा मध्यावर आणला आणि दोऱ्याला विमान टांगलं. सरकारनं एव्हाना ग्रॅमची वजनं आणली होती. ती पेटीत होतीही. पण अण्णांनी तोळ्यांची वजनं घातली, माशांची घातली आणि शेवटी डबीतून खऱ्या गुंजा काढल्या, काळ्या तोंडाच्या लालभडक बिया. चिमट्यानं एकेक सोडत गेले. काटा हलायचा थांबेपर्यंत त्यांनी श्वास धरला होता. मीही धरला होता. माजघरात आईची भांडी वाजायची थांबली होती.

"तीन तोळे, सात मासे, दोन गुंजा," अण्णा म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. मग त्यांनीच विचारलं, "आता यावर काय चढवणार?"

मी पतंगाचा निळा कागद आणून ठेवला होता. अण्णांनी तो दोन बोटांत चोळून पाहिला, कानाशी नेऊन वाजवला. मग त्याचा वीतभर चौकोन कापून तोलला. नऊ गुंजा. मी आणखी एक म्हणून माझ्या वहीचं ट्रेसिंगचं पान दिलं. ते तर चौदाच्या घरात गेलं. अण्णांनी ते माझ्या अंगावर फेकलं. मग ते उठले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.

सोनाराची पुडी कोणी पाहिली असेल त्याला तो कागद माहीत असेल. गुलाबी, पातळ, हातात घेतला तर आपल्याच श्वासानं उडणारा. दागिना त्या कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. हुकूम यायच्या आधी अण्णांनी दोन गठ्ठे आणून ठेवले होते आणि त्यात बांधायला आता काही नव्हतं.

वीतभर चौकोन, साडेपाच गुंजा.

"एका वितीला साडेतीन गुंजांची बचत," अण्णा म्हणाले. "अशा सहा-सात विती तरी लागतील. हाच लावायचा."

"अण्णा, पण हा गुलाबी आहे."

"मग?"

मग काय, ते मी त्यांना कसं सांगणार? दिवाळीआधी मी मिरजेच्या एका शाळेचं विमान पाहिलं होतं. चंदेरी, आरशासारखं चकाकणारं, शेपटीवर तांबडा पट्टा. मी तसलंच स्वप्न बघत होतो आणि इथे माझं विमान बाळंतविड्याच्या टोपड्याच्या रंगाचं होऊ घातलं होतं. पण अण्णा दहा महिन्यांनी माझ्याशी इतकं बोलले होते. मी मान डोलावली.

पुढचे चार दिवस शाळा सुटली की मी धावत घरी यायचो. आईनं मैद्याची पातळ खळ करून दिली. अण्णा कागद कापायचे, मी सांगाड्यावर खळ लावायचो, आणि कागद बसवायला परत अण्णाच. वाटाण्याएवढ्या मण्यावर नक्षी करणारी ती बोटं. सुरकुती पडली तर सगळा तुकडा काढून ते नवा लावत. पंख झाले की त्यांनी तोंडात पाण्याची गुळणी घेतली आणि परीट कपड्यावर उडवतो तसा फवारा उडवला. कागद आधी ओला चिंब, लोळागोळा. मी घाबरलो. तासाभरानं वाळला तेव्हा तबल्यासारखा ताणलेला होता. अण्णांनी टिचकी मारली, कागद वाजला आणि अण्णा चक्क हसले.

त्या कागदाचा रंग कच्चा. अण्णांची बोटं, ओठ, मिशीची टोकंसुद्धा गुलाबी झाली होती. आई चहा घेऊन आली, त्यांच्याकडे बघून पदर तोंडाला लावून आत पळाली. आत जाऊन ती हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही.

राहिलं रोगण. सर म्हणाले होते, कागद तसाच ठेवला तर हवेतल्या ओलीनं सैल पडतो, म्हणून वर हलका हात द्यायचा. ते विलायती रोगण आम्हाला कुठून मिळणार? पण अण्णांकडे लाख होती. पोकळ दागिन्यात भरतात ती. त्यांनी ती स्पिरिटमध्ये विरघळवली, फडक्यातून दोनदा गाळली आणि बारीक कुंचल्यानं एक हात दिला. पाण्याइतका पातळ.

"अजून एक देऊ या?" मी विचारलं. "चकाकी येईल."

"चकाकी काय चाटायची आहे? उडायचंय ना त्याला? एक हात. बास."

वाळल्यावर तोलून पाहिलं. त्या हाताच्या साडेचार गुंजा झाल्या. मी लिहून घेतलं. स्पर्धेला आठवडा होता.

दुसऱ्या दिवशी मी विमान शाळेत दाखवायला नेलं आणि व्हायचं तेच झालं. वर्गातला चंद्या कुंभार म्हणाला, "आरं, ही सोन्याची पुडी हाय का इमान? उडलं तर चोर मागं लागतील." सगळा वर्ग हसला. बाबर सरांनी मात्र पंखावरून पालथं बोट फिरवलं, टिचकी मारली आणि म्हणाले, "कुणी ताणलंय हे?" मी म्हटलं, अण्णांनी. ते नुसतीच मान हलवत राहिले. मला ते पुरायला हवं होतं. नाही पुरलं.

संध्याकाळी अण्णा मारुतीला गेले. हेही नवीनच होतं, ते घराबाहेर पडायला लागले होते. मी लाखेची बाटली काढली. रंग बदलता येत नव्हता, पण चकाकी तर आणता येत होती. मी एक हात दिला. वाळल्यावर दुसरा दिला. शेपटीवर एक ओघळ आला, तो लपवायला तिथे तिसरा दिला. दिव्यासमोर धरलं तर खरंच चमकत होतं. मी खूश झालो.

सकाळी अण्णांनी विमान सहज म्हणून काट्याला टांगलं. त्यांना आता त्याचा नादच लागला होता. बघता बघता त्यांचा हात थांबला. त्यांनी गुंजा उचलल्या, परत टाकल्या, परत उचलल्या.

"दहा गुंजा जास्त भरतायत," ते म्हणाले. "गजू, यावर आणखी काही लावलंस का?"

खरं सांगायचं तर दोन शब्दांचं काम होतं. पण ते रागावतील, परत गप्प होतील, ही एक भीती. आणि दुसरं, माझी लबाडी इतक्या चटकन पकडली गेली याचा राग. मी म्हणालो, "नाही."

"मग दहा गुंजा आल्या कुठून?"

"काटा बिघडला असेल. इतके महिने बंदच होता ना?"

मी हे वाक्य बोललो. आज साठ वर्षं झाली, मला ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.

अण्णांनी विमान दोऱ्यावरून उतरवून माझ्या हातात दिलं. मला वाटलं, सुटलो. शाळेतून परत आलो तर ते अजून काट्यासमोर बसलेले. समोर गुंजांच्या दोन ओळी. एका पारड्यात पाच, दुसऱ्यात पाच. मग पारड्यांची अदलाबदल. परत पाच, परत पाच. डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, चष्मा काढून बघत होते.

"काट्यात तर काही दिसत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे माझीच नजर गेली."

पोरगा खोटं बोलत असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. चकाकी त्यांना दिसली नसेल का? जन्म चकाकी आणण्यात गेला होता त्यांचा. पण मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझा शब्द धरला आणि स्वतःचे डोळे सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी पेटी लाल फडक्यात बांधून कपाटात गेली. अण्णा गार शेगडीसमोर बसले. जेवायला बोलावलं तर आले, अर्ध्या भाकरीवर उठले. मारुतीला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच. आईनं मला विचारलं, "काय झालं रे? चांगले होते की." मी म्हटलं, मला काय माहीत.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी माजघरात पुस्तक घेऊन बसलो होतो. आई कणगीपाशी गेली. तिच्या हातात ना सूप होतं, ना पाटी. तिनं कोपरापर्यंत हात जोंधळ्यांत घातला, चाचपलं, बाटली जागेवर आहे याची खात्री करून घेतली आणि हात काढून घेतला. दंडाला चिकटलेले दाणे झटकत ती परत चुलीपुढे जाऊन बसली. मी बघतोय हे तिला माहीत नव्हतं.

मी उठलो, विमान घेतलं आणि दुकानात जाऊन अण्णांच्या समोर ठेवलं.

"अण्णा, काटा बरोबर आहे. तुम्ही मारुतीला गेला होतात तेव्हा मी लाख लावली. चकाकी यावी म्हणून. मी खोटं बोललो."

त्यांनी विमान उचलून उजेडाकडे धरलं. मी मार खायची तयारी ठेवली होती. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"किती हात दिलेस?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"दोन नाही."

"दोनच, अण्णा. शपथ."

"साडेचार नि साडेचार नऊ. काट्यानं दहा दाखवल्या. एक गुंज कुठली?" त्यांचा आवाज बदलला होता. "आठव. कुठंतरी आणखी फिरवलायस कुंचला."

मला शेपटीवरचा ओघळ आठवला. "शेपटीला," मी म्हणालो. "शेपटीला तीन दिले."

अण्णांनी डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला आणि सोडला.

"मग बरोबर," ते म्हणाले. "मग बरोबर आहे."

मी रडायला लागलो. त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, तशी पद्धत नव्हती आमच्याकडे. त्यांनी उठून कपाट उघडलं, पेटी काढली आणि म्हणाले, "रडतोस काय? परवा स्पर्धा आहे ना? सगळा कागद उतरव. आईला सांग, खळ टाक म्हणावं."

त्या दिवशी मी शाळा बुडवली. जुना कागद भिजवून सोलला, कामट्या पुसून वाळवल्या. दुपारपर्यंत नवा कागद चढला, तिसऱ्या प्रहरी पाण्याचा फवारा बसला. लाखेचा हात अण्णांनी स्वतः दिला, आणि या वेळेला चार गुंजांत बसवला. अर्ध्या गुंजेची बचत त्यांनी मला दोनदा ऐकवली.

रविवारी सांगलीच्या मैदानावर अण्णाही आले. मी म्हटलं नव्हतं. सकाळी धोतर-कोट घालून ते एस.टी. स्टँडवर माझ्याआधी उभे होते, विमानाचं खोकं मांडीवर घ्यायला.

मैदानावर हसणारे हसले. मिरजेचं चंदेरी विमान तिथे होतंच, उन्हात डोळे दिपवत. प्रत्येकाला दोन उड्डाणं, दोन्हींची बेरीज धरायची. चंदेरी विमान पहिल्यांदा एक मिनिट पाच सेकंद राहिलं. माझी पाळी आली. अण्णांनी विमान धरलं, मी रबराला पीळ घातला. मोजून तीनशे. बाबर सर म्हणाले, "आता सोड. ढकलू नगंस. नुसतं सोड."

मी सोडलं. ते उजवीकडे कललं, मला वाटलं पडणार. मग सावरलं आणि गिरक्या घेत वर चढायला लागलं. वर गेल्यावर उन्हात आतल्या कामट्या दिसायला लागल्या, इतका पातळ तो कागद. मिनिटाभरात रबराचा पीळ संपला, पंखा थांबला. सगळ्यांनी आता उतरणार म्हणून मान खाली आणायला सुरुवात केली. ते उतरेना. मैदानापलीकडे नांगरलेलं रान होतं, तिथून तापलेली हवा वर येत होती. विमान त्या हवेत शिरलं आणि घारीसारखं नुसतं फिरत फिरत वर जायला लागलं. हसणारी पोरंच आता सेकंद मोजायला लागली. कुणीतरी "दोन मिनिटं" म्हणालं. मग कुणीतरी "तीन". ते एवढंसं झालं, मग ठिपका झालं, मग कोण म्हणे दिसतंय, कोण म्हणे नाही.

"तीन मिनिटं बेचाळीस सेकंद," घड्याळवाले परीक्षक म्हणाले. "दिसेनासं झालं."

अण्णा अजून वर बघत होते. टोपी मागे सरकली होती, तोंड उघडं होतं. त्यांनी हात कपाळावर धरला होता आणि बोटांना अजून गुलाबी रंग होता.

"दिसतंय," ते म्हणाले. "मला दिसतंय अजून."

नजर गेली म्हणणारा माणूस. ते आणखी अर्धा मिनिट मान वर करून उभे होते, आणि मी त्यांच्याकडे बघत उभा होतो.

विमान गेलं ते गेलंच. दुसऱ्या उड्डाणाला माझ्याकडे काही नव्हतं. परीक्षकांत थोडी बोलाचाली झाली. दुसरं उड्डाण नाही तर बेरीज नाही, असा नियम निघाला. पहिला नंबर चंदेरी विमानाला मिळाला. मी बाबर सरांना म्हटलं, "सर, उगाच इतकं हलकं केलं. दहा गुंजा राहिल्या असत्या तर परत तरी आलं असतं."

"आरं, गुंजांचं काय घेऊन बसलास?" सर हसले. "एवढं बारीक वजन कुणाला लागतंय? मी हातानं सांगितलं न्हवतं का दीड औंस?"

"मग तुम्ही काट्यावर तोलून आणायला का लावलंत?"

"ते तुझ्या आईला इचार," ते म्हणाले आणि खोकी आवरायला गेले.

तासगावला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्टँडजवळच्या हॉटेलात अण्णांच्या ओळखीची चार माणसं बसली होती. अण्णा तिथे थांबले. मी पुढे निघालो तर मागून त्यांचा आवाज येत होता, "तोळे साडेतीनच्या वर सांगाडा, आणि कागद किती, तर..." मध्येच कुणीतरी कारखान्याचं विचारलं. अण्णा म्हणाले, "उद्या जाऊन येतो. टनाचा असला म्हणून काय झालं, काटाच आहे ना?"

घरी आई दारातच होती. मी रिकामं खोकं खाली ठेवलं.

"विमान गेलं, आई. नंबर नाही आला."

"आणि ते कुठं आहेत?" तिनं विचारलं. विमानाबद्दल तिनं काही विचारलं नाही.

"हॉटेलात बसलेत. सगळ्यांना वजनं सांगतायत. उद्या कारखान्यावर जायचं म्हणतायत."

आई आत गेली, कणगीचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. धडप्यातली बाटली बाहेर काढली, पदरानं पुसली, पडदा सारून दुकानात गेली आणि अण्णांच्या बैठकीशेजारी, फळीवर, जिथे ती पूर्वी असायची तिथे नेऊन ठेवली.

"शेंगदाण्याचे लाडू करते," ती परत येऊन म्हणाली. "उद्या बाबर मास्तरांना नेऊन दे."